‘ताप वाढला तर या...’

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना होता. पाऊस नुकताच ओसरला होता आणि सरकारी रुग्णालयातली आमची ओपीडी तापाच्या रुग्णांनी भरून गेली होती. बाविशीतला एक मुलगा आईबरोबर आला. तीन दिवसांचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून आलेले. तपासणीत डेंग्यू निघाला, पण रक्तदाब, नाडी, प्लेटलेट सगळे ठीक होते. भरती करण्याची गरज नव्हती. मी पॅरासिटामॉल लिहून दिले, पाणी भरपूर प्यायला सांगितले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघत म्हणालो, ‘‘ताप वाढला तर लगेच घेऊन या.’’

ताप वाढला नाही. दुसऱ्याच दिवशी तो उतरला. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगा निपचित पडून होता, पोटात दुखते म्हणत होता, तीन-चार उलट्याही झाल्या. पण ताप नव्हता. त्यानंतरच्या पहाटे त्याला रिक्षातून आणले, तेव्हा हातपाय गार पडले होते आणि मनगटावर नाडी लागत नव्हती.

मुलगा वाचला. त्यासाठी अतिदक्षता विभागात दोन रात्री झुंजावे लागले. त्या पहाटे सलाइन सुरू करता करता मी त्याच्या आईवर चिडलो, ‘‘मावशी, इतका उशीर का केलात?’’ ती माउली हात जोडून म्हणाली, ‘‘साहेब, तुम्हीच म्हणाला होता, ताप वाढला तर या. ताप तर उतरला होता की.’’

केसपेपरवर मी ‘रुग्णास उशिरा आणले’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. डेंग्यूत खरा धोका अनेकदा ताप उतरताना सुरू होतो. त्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब कोसळू शकतो. हे मला पाठ होते. त्या आईला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आणि माझ्या वाक्यातून तिच्यापर्यंत पोहोचले ते याच्या नेमके उलटे होते.

‘लोक नीट ऐकतच नाहीत,’ असे आम्ही डॉक्टर चहाच्या टेबलावर नेहमी म्हणतो. मीही म्हणायचो. पुढे काही वर्षांनी एका मानसशास्त्रज्ञाचे काम वाचनात आले आणि लक्षात आले की त्या आईने अगदी नीट ऐकले होते. कुठल्याही माणसाचे मन ज्या पद्धतीने ऐकते, त्याच पद्धतीने.

या मानसशास्त्रज्ञाचे नाव फिलिप जॉन्सन-लेअर्ड. जन्म १९३६, इंग्लंड. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि पुढची दहा वर्षे मिळेल ते काम केले. बांधकामाच्या मोजमापाचे काम केले, संगीत वाजवले, ग्रंथालयात नोकरी केली. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी त्यांनी रुग्णालयात हमालाचे कामही केले. आपल्या सरकारी रुग्णालयांत स्ट्रेचर ढकलणाऱ्या ज्या माणसाला आपण ‘मामा’ म्हणतो, तेच हे काम. पंचविशीच्या आसपास ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मानसशास्त्र शिकायला दाखल झाले. तिथे त्यांना पीटर वेसन हे गुरू भेटले. माणूस तर्क कसा करतो, हाच प्रश्न घेऊन त्यांनी पुढची पन्नासेक वर्षे काढली. आधी लंडन, मग ससेक्स, मग केंब्रिज आणि १९८९ पासून अमेरिकेतले प्रिन्स्टन विद्यापीठ.

वेसन यांनी १९६६ साली मांडलेले एक कोडे आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. मूळ कोड्यात इंग्रजी अक्षरे होती, मी मराठी घेतो. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला संख्या. वरची बाजू दिसते ती अशी : अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. हा नियम पाळला गेला आहे की नाही, हे तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील?

बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात, काही जण फक्त ‘अ’. बरोबर उत्तर आहे ‘अ’ आणि ‘७’. ‘४’च्या मागे स्वर निघो की व्यंजन, नियम मोडत नाही. ‘७’च्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम मोडला. विद्यापीठात शिकणाऱ्यांतही दहातल्या जेमतेम एकाला हे जमते.

यावरून माणूस मुळातच तर्कात कच्चा आहे, असे म्हणता आले असते. पण १९७२ मध्ये जॉन्सन-लेअर्ड यांनी दोन इटालियन सहकाऱ्यांसह हेच कोडे वेगळ्या कपड्यांत मांडले. पत्त्यांच्या जागी टपालाची पाकिटे आणि नियम असा की पाकीट चिकटवून बंद केले असेल, तर त्यावर जास्त किमतीचे तिकीट हवे. आता कोणती पाकिटे उलटून बघाल? या वेळी बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले. बंद पाकीट उलटायचे आणि कमी तिकिटाचे पाकीट उलटायचे. ज्या पिढीने लग्नपत्रिका उघड्या पाकिटातून बुकपोस्टाने पाठवल्या, तिला हे सांगावेही लागणार नाही. पुढे अमेरिकेत, जिथे असा टपालाचा नियम लोकांच्या अनुभवात नव्हता, तिथे पाकिटांची युक्ती चालली नाही. पण बिअर पिणाऱ्याचे वय ठरावीक वयाच्या वर असले पाहिजे, हा ओळखीचा नियम दिल्यावर तिथल्याही बहुसंख्य विद्यार्थ्यांना कोडे सुटले. तर्क तोच होता. बदलले ते फक्त शब्दांतून मनात उभे राहणारे चित्र.

हे चित्र कसे उभे राहते, याचा शोध त्यांना भाषेकडे घेऊन गेला. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी भाषा आणि संवेदन यांच्या नात्यावर १९७६ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. १९८३ मध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले, ‘मेंटल मॉडेल्स’. मूळ कल्पना केनेथ क्रेक या तरुण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची, १९४३ सालची. मन बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती बनवते आणि पुढे काय होईल हे त्या प्रतिकृतीवर आजमावून बघते, असे क्रेक म्हणाले होते. जॉन्सन-लेअर्ड यांनी ही कल्पना भाषेला आणि तर्काला लावली. त्यांच्या मते वाक्य ऐकले की आपण त्यातले शब्द जपून ठेवत नाही. त्या शब्दांत वर्णन केलेल्या परिस्थितीची मनात एक प्रतिकृती बनवतो आणि निष्कर्ष काढतो तो त्या प्रतिकृतीकडे बघून.

ताटाचे उदाहरण घ्या. ‘लिंबू मिठाच्या डावीकडे आहे. चटणी लिंबाच्या डावीकडे आहे.’ मनात लगेच रांग लागते : चटणी, लिंबू, मीठ. आता हे ऐका : ‘लिंबू मिठाच्या डावीकडे आहे. चटणीही मिठाच्या डावीकडे आहे.’ वाक्ये तेवढीच आणि तेवढीच सोपी. पण आता ताटे दोन होतात. एकात चटणी पहिली, दुसऱ्यात लिंबू पहिले. सर्वांत डावीकडे काय, हे सांगता येत नाही, असे म्हणण्यासाठी दोन्ही ताटे एकदम डोळ्यांसमोर धरावी लागतात. मनाला हे जड जाते. जितक्या जास्त प्रतिकृती, तितका वेळ जास्त आणि चुकाही जास्त. जॉन्सन-लेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे प्रयोगांमागून प्रयोगांत दिसले.

मग ‘तर’ या छोट्या शब्दाचे काय होते? ‘अमुक झाले तर तमुक’ हे वाक्य ऐकले की मन एकच प्रतिकृती स्पष्ट बनवते : अमुक झाले आहे आणि तमुकही झाले आहे. अमुक झालेच नाही तर काय, या शक्यता मन रंगवत बसत नाही. तिथे काहीतरी आहे एवढी खूण करून ठेवते. जॉन्सन-लेअर्ड आपल्या लेखनात ही खूण तीन टिंबांनी दाखवतात. रोजच्या व्यवहारात ऐकणारा ती टिंबे सर्वांत सोप्या अर्थाने भरतो : अमुक नाही, म्हणजे तमुकही नाही. ‘अभ्यास केलास तर सायकल घेऊन देईन’ हे ऐकणाऱ्या मुलाला अभ्यास केला नाही तर सायकल नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि तिथे त्याचे बरोबरच असते.

‘ताप वाढला तर या.’ त्या आईने स्पष्ट चित्र बनवले : ताप चढला आहे, रिक्षा बोलावली आहे. आणि टिंबे भरली : ताप उतरला, म्हणजे जायला नको. मुलगा त्या तीन टिंबांत अडकला होता. टिंबे ठेवली होती मी.

‘शिकलेले लोक असे करणार नाहीत’ असे कोणाच्या मनात आले असेल, तर जॉन्सन-लेअर्ड यांचेच आणखी एक कोडे. एकाच्या हातात काही पत्ते आहेत. पुढच्या तीन विधानांपैकी एकच खरे आहे. एक, त्याच्याकडे राजा किंवा एक्का किंवा दोन्ही आहेत. दोन, त्याच्याकडे राणी किंवा एक्का किंवा दोन्ही आहेत. तीन, त्याच्याकडे गुलाम किंवा दश्शी किंवा दोन्ही आहेत. त्याच्याकडे एक्का असणे शक्य आहे का?

‘हो’ म्हणालात ना? प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांपैकीही जवळपास सगळे ‘हो’च म्हणाले. मीही म्हणालो. आमच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांना चहाच्या वेळी विचारले, तर एकानेही ‘नाही’ म्हटले नाही. पण एक्का असता, तर पहिले आणि दुसरे अशी दोन विधाने एकदम खरी ठरली असती. आणि खरे तर एकच आहे. म्हणजे एक्का असूच शकत नाही. आपण असे फसतो, कारण मन प्रत्येक विधानात काय खरे असेल तेवढेच चित्रात घेते. ते विधान खरे असताना बाकीची दोन खोटी असली पाहिजेत, हे चित्राबाहेर राहते. हा दोष शिक्षणाने जात नाही. मनाच्या कामाची रीतच ती आहे. डॉक्टरचे मन आणि केसपेपर हातात धरून बाहेर बसलेल्या माणसाचे मन, दोन्ही एकाच मातीचे.

१९८९ साली जॉन्सन-लेअर्ड यांच्या सहकारी रूथ बर्न यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘तिला निबंध लिहायचा असेल तर ती उशिरापर्यंत वाचनालयात बसते. तिला निबंध लिहायचा आहे.’ यावरून ती वाचनालयात बसेल, असे जवळपास सगळे म्हणतात. आता मध्ये एकच वाक्य घाला : ‘वाचनालय उघडे असेल तर ती उशिरापर्यंत तिथे बसते.’ लगेच अनेक जण तो निष्कर्ष काढायचे थांबतात. आधीचे वाक्य कोणी मागे घेतलेले नसते. पण नव्या वाक्याने मनात एक नवी शंका उभी केलेली असते.

हे वाचताना मला रक्तदाबाचे एक आजोबा आठवले. त्यांना सांगितले होते, ‘‘गोळी रोज घ्या. दर महिन्याला बीपी तपासून घ्या.’’ त्यांच्या गावाजवळच्या केंद्रातले बीपीचे यंत्र बंद पडले आणि आजोबांनी गोळी थांबवली. ‘‘तपासल्याशिवाय गोळी कशी घेऊ, डॉक्टर?’’ असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या सूचनेने पहिलीला अट घातली, असे त्यांना वाटले. आम्ही त्याला ‘रुग्ण ऐकत नाही’ म्हणतो. खरे तर आजोबा फारच काळजीपूर्वक ऐकत होते.

मनातल्या प्रतिकृतींची ही मांडणी सर्वमान्य आहे, असे मात्र नाही. लान्स रिप्स यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते मनात तर्काचे नियमच असतात. माइक ओक्सफर्ड आणि निक चेटर म्हणतात की माणूस निश्चित निष्कर्ष काढतच नाही, तो शक्यतेचा अंदाज बांधतो. एडिंबराचे कीथ स्टेनिंग आणि त्यांचे सहकारी यांचा आक्षेप मला डॉक्टर म्हणून सर्वांत उपयोगी वाटतो. तर्क करण्याआधी माणसाला समोरच्या वाक्याचा अर्थ ठरवावा लागतो. त्याने वेगळा अर्थ लावला असेल, तर आपल्याला चूक वाटणारे त्याचे उत्तर त्याच्या अर्थाने बरोबर असू शकते. हा वाद चालू राहील. पण ओपीडीत बसणाऱ्यासाठी सगळ्यांच्या म्हणण्यातून निघणारा धडा एकच आहे : ऐकणाऱ्याला दोष देण्याआधी आपले वाक्य तपासा.

आमच्या वाक्यांची स्थिती काय आहे? कुठलेही डिस्चार्ज कार्ड उघडून बघा. इंग्रजीत लिहिलेल्या औषधांच्या यादीखाली शेवटची ओळ बहुधा ‘रिव्ह्यू एसओएस’ असते. म्हणजे गरज पडली तर या. गरज पडली हे ओळखायचे कसे? हृदयविकाराचा रुग्ण असो की बाळंतीण, ही एकच ओळ. यात एकही चित्र नाही, सगळी टिंबेच आहेत. आणि रुग्ण उशिरा आला की आम्ही पुन्हा लिहायला मोकळे, ‘उशिरा आणले’.

मला यावर तीन साध्या गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, ‘तर’चे वाक्य कधीही एकटे सोडू नये. डेंग्यूच्या रुग्णाला मी आता असे सांगतो : ‘‘ताप वाढला तर या. ताप उतरला, तरी दोन दिवस लक्ष ठेवा. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले किंवा पेशंट सुस्त पडला, तर ताप नसला तरी लगेच या.’’ ‘ताप नसला तरी’ या तीन शब्दांसाठी एका पोराला मरणाच्या दारातून परत यावे लागले.

दुसरी, एका वाक्यात एकच चित्र द्यावे. ‘सकाळी एक, रात्री एक, दुखलं तर मध्ये एक, पण उपाशीपोटी नको’ हे ऐकताना ताटे चार होतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले एकच उरते. कोणते, हे आपल्याला कळत नाही.

तिसरी, ‘कळलं ना?’ हा प्रश्न बंद करावा. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी विचारावे, ‘‘घरी गेल्यावर सगळ्यांना काय सांगाल?’’ त्या उत्तरात रुग्णाने मनात बनवलेले चित्र दिसते आणि ते चुकले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.

यावर माझे सहकारी म्हणतील, दिवसाला शंभराच्या वर रुग्ण बघताना वेळ कुठून आणायचा? प्रश्न खरा आहे. डॉक्टरांची रिकामी पदे भरल्याशिवाय त्याला पुरते उत्तर नाही. पण ‘ताप नसला तरी’ म्हणायला दोन सेकंद लागतात. रुग्णाकडून सूचना वदवून घ्यायला अर्धा मिनिट लागतो आणि हे काम परिचारिका किंवा औषध देणारा कर्मचारीही करू शकतो. ते न केल्यावर अतिदक्षता विभागात गेलेल्या त्या दोन रात्री मी मोजल्या आहेत. धोक्याच्या लक्षणांचे मराठीत छापलेले, आजारागणिक वेगळे कार्ड प्रत्येक सरकारी रुग्णालयात ठेवणे तर फारच स्वस्त आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, ही चांगली गोष्ट झाली. रुग्णाशी सौजन्याने बोलायला शिकवावेच, पण सौजन्याने बोललेले वाक्यही अर्धे असू शकते, हेही तिथे शिकवावे. मी त्या आईशी उद्धट बोललो नव्हतो, अर्धे बोललो होतो.

आता वाचकांना एक विनंती. डॉक्टर बदलण्याची वाट पाहू नका. पुढच्या वेळी डॉक्टर ‘अमुक झालं तर या’ म्हणाले, की उठण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : ‘‘आणि तसं झालं नाही, तरी कधी यायचं?’’ बाहेर रांग कितीही मोठी असली, तरी उत्तर घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.